माहेरबाईंच्या दोन पेट्या

खिडकीशी आलेल्या बाईमाणसाला काय दुखतंय हे माहेरबाई कधीच आधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "माहेर कुठलं?" समोरचीचं अंग तापानं फणफणलेलं असो, कडेवरचं पोर ओकत असो, प्रश्न तोच. आणि गंमत अशी की विव्हळत आलेली बाई या प्रश्नाला क्षणभर विव्हळणं विसरून उत्तर द्यायची. कुणाला भाऊ आठवे, कुणाला नदीचा घाट. मागे रांग वाढत राही आणि शेजारच्या खिडकीत बाटल्या धरून बसलेला मी दातओठ खात राही. मी तिथं कंपौंडर होतो. एकदा न राहवून म्हणालो, "बाई, गप्पा जरा दुपारच्या चहाला ठेवा की." त्या वर न बघता म्हणाल्या, "कंपौंडर, मी गप्पा मारत नाहीये. मी हिचं कार्ड शोधतेय."

त्यांचं म्हणणं कळायला मला बरेच दिवस लागले. आमच्याकडे मुलगी सासरी गेली की आडनाव बदलतं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहून मूळ नावही पुसून टाकतात. म्हणजे काल जी मुलगी आमच्याकडे औषध घेऊन गेली, ती लग्नानंतर दुसरीच कुणीतरी होऊन येते. तिचं नवं कार्ड होतं. तिला काय झालं होतं, काय दिलं होतं, काय सोसलं नव्हतं, ते सगळं जुन्या नावाच्या कार्डावर पेटीत पडून राहतं. हा घोटाळा घराघरात मांडव घालून, वाजंत्री लावून केला जातो, आणि कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

दवाखाना नगरहून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्यावर होता. एका ट्रस्टनं चालवलेला, कौलारू, चार खोल्यांचा. आता तो नाही, म्हणून नावही सांगत नाही. बाई येण्याआधी तिथं रोग्यांचे कागद नावांप्रमाणे फडक्यात बांधून फळीवर फेकलेले असत. बाईंनी आल्याबरोबर सुताराकडून दोन लाकडी पेट्या करून घेतल्या. एका माणसानं काखेत मारून न्याव्यात एवढ्याच. पहिली माणसांची: एक माणूस, एक कार्ड, एक नंबर. जुना मोठा आजार आणि अंगाला काय चालत नाही, हेही त्याच कार्डावर. दुसरी पेटी भेटींची: माणूस आला की त्या दिवसाचं कार्ड, वर फक्त त्याचा नंबर. नंबर बघायचा, पहिली पेटी उघडायची, माणूस सापडतो. "नाव बदलतं, गाव बदलतं, नवरासुद्धा बदलतो," बाई म्हणायच्या. "नंबराला कुणी सासरी धाडत नाही."

ही विद्या त्यांना नगरशेजारच्या भिंगारमध्ये मिळाली होती. वडील लष्कराच्या भांडारात कारकून. तिथं एकेका खिळ्याला कार्ड असे, आणि वडील जेवताना त्याच गोष्टी सांगत. बाईंचंही लहानपणीच लग्न झालं होतं, नावही बदललं होतं. पण नवऱ्यानं नांदवलं नाही. त्या भिंगारला परतल्या तेव्हा त्यांना दोन नावं होती आणि हाक मारायला कुठलंच धड नव्हतं. दवाखान्यात आम्ही माहेरबाई म्हणायला लागलो ते थट्टेनं. त्यांनी ते लावून घेतलं नाही. पुढे मोठे डॉक्टरही तोंडावर तेच म्हणू लागले.

त्यांचा सगळ्यात कडक नियम होता, एक गोष्ट एकाच जागी लिहायची. मी हुशारी करून भेटीच्या कार्डावरही गावाचं नाव लिहू लागलो होतो, तेव्हा त्यांनी माझी चांगली खरडपट्टी काढली. "उद्या गाव बदललं तर एकीकडे बदलाल, दुसरीकडे विसराल. मग खरं कुठलं?" मला ते पटलं नव्हतं. पण पुढे राहुरीकडच्या एका म्हाताऱ्याला औषध पोचवायला आमचा शिपाई माझ्या कार्डावरचा पत्ता घेऊन गेला आणि दिवसभर उन्हात भटकून चरफडत परतला. ते गाव मुळा धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. माणूस नव्या वसाहतीत राहायला गेला होता, आणि बाईंच्या कार्डावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी भेटीच्या कार्डावर नंबर सोडून काही लिहीत नसे.

दुसरा नियम चिठ्ठीचा. कार्ड कुणीही काढलं की त्या जागी लाल चिठ्ठी उभी करायची आणि तिच्यावर आपलं नाव लिहायचं. डॉक्टर असला तरी. आणि एका वेळी पेटीत एकच हात. दोघं एकदम शोधायला लागले की बाई दुसऱ्याच्या मनगटावर सरळ पट्टी मारत. मोठ्या डॉक्टरांनीही एकदा ती खाल्ली होती.

एवढं करून कार्ड सापडलं नाही तर मात्र त्या मुळीच चिडत नसत. आम्ही आरडाओरडा करायचो, रोग्यावर खेकसायचो. त्या शांतपणे आधी पुढच्या-मागच्या कार्डाला चिकटलंय का बघत. मग आकडे उलटसुलट करून बघत, कारण घाईत सदतीसच्या जागी त्र्याहत्तरमध्ये खोचणारे आमच्यात दोघं होते. मग डॉक्टरांचं टेबल, मग माझ्या चहाच्या कपाखाली. "कार्ड आपल्या पायांनी जात नाही," असं म्हणत त्या शोधत राहत, आणि ते सापडे. मला त्यांचा हेवा वाटायचा. इतक्या घोळाच्या जगात एवढा विश्वास मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

आता सुमनचं सांगतो. यातलं पुष्कळ मला नंतर कळलं, पण वाचणाऱ्याला कोड्यात ठेवण्यात मला रस नाही.

सुमन पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. राहुरीच्या अलीकडच्या एका वाडीतली, नुकतं लग्न झालेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली. बाईंनी माहेर विचारलं. तिनं सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "कोपरगाव." माहेरचं नाव विचारलं तर म्हणाली, "सुमनच." बाईंनी तिच्या मानेकडे बघितलं. डाव्या बाजूला सुरकुतलेला डाग होता. सासू आपणहून म्हणाली, "ल्हानपनी भाजलंय तिला." बाईंनी "बरं" म्हटलं, सांगितलं तसं लिहून घेतलं, आणि नव्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दुसराच एक नंबर टाकला. तो मी बघितला, पण विचारलं नाही.

तो डाग भाजल्याचा नव्हता. ती कोपरगावजवळच्या पुणतांब्याची लीला होती. लग्नाआधी गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय, झाली म्हणून तिनं वर्षभर आमच्याकडे क्षयाचं औषध घेतलं होतं आणि खडखडीत बरी झाली होती. त्याच वर्षी पायाला गळू झालं म्हणून पेनिसिलिन टोचलं, तेव्हा पोरगी डोळे फिरवून पडली होती. मोठ्या डॉक्टरांनी कसंबसं तिला परत आणलं. लीलाच्या कार्डावर त्यांनी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं की हे इंजेक्शन हिला कधीही देऊ नये. क्षयाची गोष्ट लग्नात बापानं लपवली होती. ती सासरी कळली तर पोरगी दुसऱ्या दिवशी बापाच्या दारात येईल, असं बापाला वाटत होतं, लीलाला वाटत होतं आणि बाईंनाही वाटलं. बाईंना ती वाट चांगलीच माहीत होती.

म्हणून त्यांनी नावाचा शब्दही काढला नाही. कोपऱ्यात जुना नंबर टाकला, एवढंच. डॉक्टरांनी तो बघायचा, पहिल्या पेटीतून लीलाचं कार्ड मागवायचं, वाचायचं. सासूसमोर मागवलं तरी तिला काय कळणार? नंबर तो नंबर. आणि ते चाललंही. सुमन दोनदा आली, दोन्ही वेळा मोठ्या डॉक्टरांनी कार्ड मागवलं, वाचलं, आणि काही न बोलता दुसरं औषध लिहिलं. दुसऱ्या वेळी बाई खुशीत होत्या. मला चहा पाजला, आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर माणसांचे तांडे बसले. उलट्या, जुलाब, खडी फोडताना चिरडलेली बोटं. आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. मोठे डॉक्टर निम्मा वेळ कामांवर लस टोचत फिरत. दवाखान्यात एक नवे डॉक्टर आले आणि बाईंच्या हाताखाली एक कारकून आला. कामाला चोख, अक्षर सुरेख. फक्त तो त्याच वाडीचा होता. सुमनच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. लग्नात जेवण वाढायला पुढे होता, त्यामुळे तिच्या बापाचं नाव, गाव सगळं ठाऊक. पहिली पेटी आता दिवसभर त्याच्या हाताखालून जाणार होती.

बाईंनी लीलाचं कार्ड पेटीतून काढलं आणि पिशवीत घालून घरी नेलं. त्या जागी चिठ्ठी उभी केली नाही. केली असती तर कारकुनानं विचारलं असतं, बाई, हे कुठलं कार्ड तुम्ही नेलंय? मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं त्यांनी ठरवलं होतं. पण डॉक्टर हाताला लागत नव्हते. शेवटी एका सकाळी दोघं जीपमधून एका कामावर निघाले, बाई लस टोचलेल्यांची कार्डं करायला. वाटेत सांगू, असं मनाशी धरून त्या जीपमध्ये बसल्या.

त्याच सकाळी सुमन आली. बाळंत होऊन फार दिवस झाले नव्हते. छाती सुजलेली, अंगात ताप. सासूच्या हातात तान्ही मुलगी. नव्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी कोपऱ्यातला नंबर बघितला आणि कार्ड मागवलं. कारकुनानं शोधलं. मीही हातातलं काम टाकून शोधलं. पुढचं बघितलं, मागचं बघितलं, आकडे उलटे केले, टेबलं उचकली. त्या नंबराला कार्ड नव्हतं आणि चिठ्ठीही नव्हती. मी स्वतः डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "साहेब, असं कार्डच नाही. बाईंच्या हातून आकडा चुकला असेल."

डॉक्टरांनी सुमनला विचारलं, "याआधी, लग्नापूर्वी, इथं आली होतीस का?"

तिनं सासूकडे बघितलं. "न्हाई."

"कुठलं औषध सोसत नाही, असं काही?"

"सुई नगं," ती हळूच म्हणाली. "गोळ्या द्या, सुई नगं."

रोज येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं हेच म्हणत. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. आधी हातावर जरासं टोचून बघायची पद्धत होती. त्या गर्दीत ते झालं की नाही, यावर नंतर दोन मतं पडली. मला एवढंच ठाऊक आहे की मी मलमाची डबी भरत होतो आणि आतून सिस्टरनं हाक मारली ती नेहमीची हाक नव्हती. सुमन बाकावर आडवी होती. ओठ निळे पडत होते. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. मोठे डॉक्टर असते तर वाचली असती का, हे मला सांगता येत नाही.

बाई दिवस मावळायच्या आत परतल्या. ओसरीवर वाडीची माणसं बसलेली बघून त्यांनी मला नुसतं विचारलं, "कोण?" मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही, आणि त्याचं वर्णन करायची माझी इच्छा नाही.

ट्रस्टींनी चौकशी केली तेव्हा बाई एकच वाक्य बोलल्या. "कार्ड माझ्या हलगर्जीपणानं गहाळ झालं." का, कसं, काही नाही. खरं सांगितलं असतं तर थोडी गय झालीही असती. पण मग क्षयाचं बाहेर आलं असतं, वाडीनं बापाला फसवा ठरवलं असतं, आणि त्या आईविना पोरीकडे घर आयुष्यभर संशयानं बघत राहिलं असतं. बाईंना महिनाअखेर काम सोडायला सांगितलं गेलं. आठ-दहा दिवस कारकुनाला सगळं समजावून द्यावं, मग जावं.

मला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. मी चिडलो होतो. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यावरच चिडलो. "अहो, नव्या कार्डावर चार शब्द लिहिले असते तरी पुरे होतं! क्षयाचं नका लिहू. पेनिसिलिन देऊ नये, एवढंच. त्यातून कुणाला काय कळलं असतं?"

"काही कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट एकाच जागी, असं मीच म्हणत होते ना. आणि ती जागाच मी पिशवीत घालून घरी नेली."

मी माझ्या खिडकीत जाऊन बाटल्या धुवायला लागलो.

त्या आठ-दहा दिवसांतच एका दुपारी सुमनची सासू आली. कारकून जेवायला गेला होता, बाई खिडकीत होत्या. म्हातारीच्या कुशीत ती तान्ही. पोरीला काही झालेलं नव्हतं. म्हातारीला फक्त तिचं कार्ड करून हवं होतं.

"हिच्या कागदावर लाल शाईनं लिवा बाई," ती म्हणाली. "हिच्या आयला सुई सोसली न्हाई. हिलाबी कदाचित सोसायची न्हाई. आत्ताच लिवून ठिवा."

बाईंनी दौत पुढे ओढली. "लिहिते."

"आन् तिच्या जुन्या कागदात आजून काय काय आसंल तेबी हिच्यात उतरून घ्या. लगीन व्हायच्या आदी वरीसभर हितलंच औशीद खाल्लंय तिनं. पुनतांब्याची लीला म्हनून बघा."

बाईंचा हात थांबला. मी बाटलीत ओततच राहिलो, औषध टेबलावर सांडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"न ठाव आसाया काय झालं? भाजल्याची खून आन् गंडमाळंची खून आमाला वळखू येत न्हाई व्हय? आन् सोयरीक जुळताना तिच्या चुलतीनंच माझ्या कानावर घातलं हुतं. म्हनलं, पोरगी बरी झालीया, कामाची हाय, गुनाची हाय, मंग काय. आमच्या घरात कुनी आजारी पडलंच न्हाई का?" म्हातारीनं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "तिला लपवायचं हुतं, तर म्हनलं लपवू दे. आपन बोललो तर पोरीला वाटंल सासू टोमना मारती. म्हनून मीच भाजल्याचं सांगत फिरायची लोकांला."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिशीबी गप ऱ्हायले." तिचा आवाज तेवढाच राहिला, फक्त थांबून थांबून येऊ लागला. "डाक्टर इचारत हुता, आदी आलीस का. ती न्हाई म्हनली, माझ्याकडं बघून. मी म्हनलं, चारचौघांत कशाला पोरीला खोटं पाडू. आजाराचं मला ठाव हुतं वो. सुईचं न्हवतं. सुईचं ठाव आसतं तर मी डाक्टरचा हात धरला आसता."

बाई उठल्या. खिडकीतून नव्हे, दारातून बाहेर ओसरीवर गेल्या आणि म्हातारीच्या समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पाया पडतात की काय. त्या सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "कार्ड हरवलं नव्हतं. ते मी काढून घरी नेलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून."

म्हातारी शिव्या देईल, ओरडेल, पोर खाली ठेवून छाती बडवील, अशी वाट बघत मी दारात उभा होतो. तिनं तसलं काही केलं नाही. भिंतीला हात लावत ती बाकावर टेकली, आणि शेजारी हातानं थोपटून बाईंना बसायची खूण केली. बाई बसल्या.

म्हातारी म्हणाली, "मला येकदा इचारायचं की वो बाई."

मी तांब्या भरून नेला आणि दोघींच्या मध्ये ठेवला. मग मला तिथं थांबवेना, म्हणून मी आत आलो आणि सांडलेलं औषध पुसत बसलो.